पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पोलिसांच्या गणवेशावर कॅमेरा लावल्याने बळाच्या गैरवापराला खरोखर आळा बसतो का, याविषयी बऱ्याच वाचकांनी पत्रे पाठवली आहेत. अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत असल्यामुळे प्रश्नांचा रोख साहजिकच तिकडचा आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि आम्ही उभयता येत्या उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला जाणार आहोत. तिकडे प्रत्येक पोलिसाच्या अंगावर कॅमेरा असतो, असे तो सांगतो. तसे असेल तर पोलिसांच्या मारहाणीच्या आणि गोळीबाराच्या बातम्या अजून कशा येतात?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे न्यू जर्सीपुरते बरेचसे खरे आहे, सबंध अमेरिकेला मात्र ते लागू होत नाही. आपल्याकडे राज्याचे एक पोलीस दल आणि त्यावर एक महासंचालक अशी रचना असते. अमेरिकेत शहर, परगणा, राज्य, विद्यापीठ अशा निरनिराळ्या पातळ्यांवर मिळून सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ यंत्रणांचे मनुष्यबळ आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यापेक्षाही कमी असते. कॅमेरे घ्यायचे की नाहीत, घेतले तर ते कोणत्या प्रसंगी सुरू करायचे आणि चित्रण किती दिवस जपायचे, हे राज्याचा कायदा नसेल तेथे त्या त्या दलाचा प्रमुखच ठरवतो. न्यू जर्सीने २०२० मध्ये कायदा केला आणि जून २०२१ पासून गणवेशातील गस्तीच्या पोलिसांना कॅमेरा बंधनकारक झाला. देशात असा कायदा सर्वांत आधी, २०१५ साली, दक्षिण कॅरोलायना राज्याने केला, तोही एका धक्कादायक घटनेनंतर. मोटारीचा ब्रेकचा दिवा लागत नाही म्हणून अडवलेला एक कृष्णवर्णीय माणूस पळत सुटला असता पोलिसाने त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या आणि तेथून जाणाऱ्या एका पादचाऱ्याने ते मोबाइलवर टिपले. गंमत अशी की, त्या कायद्यातही निधी मिळेल तेव्हाच कॅमेरे सक्तीचे, अशी पळवाट होती. केंद्रीय यंत्रणांच्या अधिकाऱ्यांना कॅमेरे लावण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी मे २०२२ मध्ये काढला होता. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पदभार स्वीकारताच तो रद्द केला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ऑगस्ट २०१४ मध्ये मिझुरी राज्यातील फर्ग्युसन येथे १८ वर्षांच्या एका नि:शस्त्र तरुणाला पोलिसाने गोळ्या घालून ठार केले. घटनेचे चित्रण कोठेही नव्हते, साक्षीदार परस्परविरोधी बोलत होते आणि गाव पेटले होते. कॅमेऱ्यांच्या मागणीने तेथून जोर धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओबामा प्रशासनाने तीन वर्षांत ५०,००० कॅमेऱ्यांसाठी साडेसात कोटी डॉलरची योजना मांडली. तिच्या समर्थनार्थ वारंवार पुढे केला जाणारा दाखला होता कॅलिफोर्नियातील रियाल्टो या छोट्या शहराचा. तेथे २०१२ पासून वर्षभर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही पाळ्यांना कॅमेरे दिले गेले आणि काहींना दिले गेले नाहीत. आधीच्या वर्षात बळाच्या वापराच्या ६१ घटना नोंदल्या गेल्या होत्या, त्या २५ वर आल्या. नागरिकांच्या तक्रारी २४ वरून ३ वर उतरल्या. हे आकडे पाहून कोणाचाही विश्वास बसला असता आणि तो बसलाही.

पुढे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर याच पद्धतीने अभ्यास झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेला त्याचा निष्कर्ष असा होता की, कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांच्या बळाच्या वापरात आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत दखलपात्र फरक आढळत नाही. दोन शहरांचे निकाल इतके वेगळे का, याची उत्तरे अनेक दिली जातात. रियाल्टोचे दल लहान होते आणि प्रमुखाचा स्वतःचा त्या प्रयोगावर बारीक डोळा होता, हे मला त्यांतले सर्वांत पटणारे कारण वाटते. निरनिराळ्या दलांतील प्रयोगांची एकत्र छाननी केली तेव्हाही हेच दिसले. कॅमेरा प्रत्येक प्रसंगी सुरू ठेवण्याचा नियम जेथे पाळला गेला, तेथे बळाचा वापर घटला आणि जेथे कॅमेरा केव्हा सुरू करायचा हे पोलिसाच्या मर्जीवर राहिले, तेथे बळाचा वापर उलट वाढला. त्यामुळे कॅमेऱ्याच्या नुसत्या अस्तित्वाने पोलीस सौम्य होतो, या समजुतीवर आपण विसंबून राहू नये. ही समजूत सर्वांत जास्त कोणाच्या पथ्यावर पडली असेल, तर कॅमेरे आणि त्यांसोबत वर्षानुवर्षांची साठवणूक विकणाऱ्या कंपन्यांच्या.

प्रश्न : सुरू-बंद करण्याचे बटण पोलिसाच्याच हातात असेल, तर या कॅमेऱ्याचा उपयोग काय? तो नेमका चालतो कसा?
— एक अभियंता वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हा प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे. तळहातात मावणारे हे यंत्र गणवेशाच्या छातीवर घट्ट बसवलेले असते. पाळी सुरू झाली की पोलीस ते चालू करतो, पण त्या वेळी ते चित्रण साठवत नसते. भिंग उघडे असते, दिसेल ते यंत्र काही सेकंद स्मरणात ठेवते आणि नवे आले की जुने पुसून टाकते. पोलिसाने बटण दाबले की त्या क्षणापासूनचे चित्रण आवाजासह साठू लागते आणि त्याला मागचा तो स्मरणातला तुकडाही जोडला जातो. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या कॅमेऱ्यांत हा तुकडा साधारणपणे ३० सेकंदांचा आणि मूक असतो. पाळी संपली की कॅमेरा ठाण्यातल्या खोबणीत बसवायचा. चित्रण तेथून आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाते. शिपायाला ते पुसता येत नाही आणि ते कोणी, केव्हा पाहिले, याची नोंद राहते. तांत्रिक बाजू म्हणाल तर चोख आहे.

त्या मूक ३० सेकंदांची करामत बाल्टिमोर शहरात दिसली. जानेवारी २०१७ मध्ये तेथील एका पोलिसाने घरामागच्या कचऱ्याने भरलेल्या अंगणात अमली पदार्थांच्या पुड्या सापडल्याचे दाखवले आणि त्यावरून एका माणसाला अटक झाली. जामिनाची रक्कम भरता न आल्याने तो कित्येक महिने तुरुंगात राहिला. त्याच्या सरकारी बचाव वकिलाकडे चित्रण आले तेव्हा सुरुवातीचा भाग पाहून कार्यालय चक्रावले. आवाज नाही, पोलीस अंगणात उभा आहे, पिशवी एका डब्यात घालून तो डबा कचऱ्यात ठेवतो आहे आणि दोन सहकारी शेजारी उभे राहून ते पाहत आहेत. मग तिघेही चालत रस्त्यावर येतात. तेथे बटण दाबले जाते, एकदम आवाज सुरू होतो, तो पोलीस आता तिकडे शोधून येतो असे मोठ्याने म्हणतो, सरळ त्याच जागी जातो, थोडी शोधाशोध केल्यासारखे करतो आणि डबा उचलतो. बटण दाबण्यापूर्वीचेही काही साठते, हे तो विसरला होता किंवा त्याला ठाऊकच नव्हते. अमली पदार्थ आधीच सापडले होते आणि आपण फक्त ते सापडण्याचा क्षण पुन्हा चित्रित केला, असा त्याचा बचाव होता. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला खोटा पुरावा तयार केल्याबद्दल आणि पदाच्या गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले. पकडलेल्या माणसावरचा खटला मागे घेतला गेलाच. शिवाय त्या तिघा पोलिसांच्या साक्षीवर उभे असलेले इतरही डझनावारी खटले सरकारी पक्षाला सोडून द्यावे लागले.

ही कथा ऐकून कॅमेऱ्याचे गुणगान करावेसे वाटते, पण तिची दुसरी बाजू अशी की, ते चित्रण सर्व्हरवर सहा महिने पडून होते आणि पोलीस दलातील एकाही वरिष्ठाने ते पाहून आवाज उठवला नाही. दररोज हजारो तासांचे चित्रण जमा होते. ते पाहायला माणसे नेमलेलीच नसतात. त्यामुळे तक्रार झाली किंवा वकिलाने मागितले तरच ते उघडले जाते.

बटणाखेरीज आणखी एक अडचण आहे आणि ती कोणाच्या हेतूशी संबंधित नाही. छातीवरचा कॅमेरा समोरच्याला दाखवतो, स्वतः धारण करणाऱ्याला दाखवत नाही. झटापटीत तर तो अंगाला चिकटून काळोखच टिपतो किंवा निखळून पडतो. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शॉविन या पोलिसाचा कॅमेरा झटापटीत गळून गाडीखाली गेला होता. मेम्फिस शहरात ७ जानेवारी २०२३ च्या रात्री टायरी निकल्स या २९ वर्षांच्या तरुणाला पाच पोलिसांनी मारले आणि तीन दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. त्या प्रकरणातील अंगावरच्या कॅमेऱ्यांत अंधार, हेलकावे आणि ‘हात दे, हात दे’ असा ओरडा ऐकू येतो, जणू काही तो हातच देत नाही. रस्त्याच्या कडेला खांबावर बसवलेल्या पोलिसांच्याच एका मूक कॅमेऱ्याने मात्र वरून सगळे टिपले होते : दोघे त्याचे हात धरून आहेत आणि बाकीचे लाथा, ठोसे व दांडक्याने मारत आहेत. तो खांब त्या चौकात नसता, तर ओरडण्याचा आवाज हाच पुरावा ठरला असता.

प्रश्न : मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चित्रफीत समोर असतानाही अमेरिकेतील ज्युरी पोलिसांना निर्दोष कशी सोडते, हे मला उमगत नाही.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : चित्रफीत काय घडले ते सांगते, घडले ते कायद्याने क्षम्य होते की नाही, हा प्रश्न तिच्याबाहेरचा असतो. त्याचा निकष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ या निवाड्यात घालून दिला. प्रकरण १९८४ सालचे, शार्लट शहरातले. ग्रॅहम हे मधुमेही होते. साखर उतरू लागल्याचे जाणवल्याने ते संत्र्याच्या रसासाठी मित्राच्या गाडीतून दुकानात गेले, पण रांग मोठी दिसल्याने तसेच घाईने बाहेर पडले. या लगबगीचा पोलिसाला संशय आला, गाडी अडवली गेली, इतर पोलीस जमले आणि आजार असल्याचे मित्र सांगत असतानाही ग्रॅहम यांना बेड्या ठोकून आपटले गेले. त्यांचे पाऊल मोडले. न्यायालयाने निकष असा ठरवला की, त्या ठिकाणी, त्या क्षणी असलेल्या वाजवी पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेतून कृती जोखावी; मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नव्हे. पोलिसाच्या मनातला हेतू चांगला की वाईट, हेही गौण. वरकरणी हा निकष समतोल दिसतो. प्रत्यक्षात ‘मला भीती वाटली’ या एका वाक्याला तो फार वजन देतो आणि फौजदारी खटल्यांतही बचाव पक्ष त्याच भाषेत बोलतो.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण अलाबामा राज्यातील मॅडिसन या गावचे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी घराजवळच्या पदपथावर फिरत होते. कोणी अनोळखी माणूस घरे न्याहाळत फिरतो आहे, असा फोन एका शेजाऱ्याने पोलिसांना केला. दोन पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. मोडक्यातोडक्या शब्दांत ते भारत आणि घराचा क्रमांक एवढेच सांगत राहिले. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले, पायात पाय घातला आणि त्यांना तोंडावर आपटले. मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. हे सारे पोलिसांच्या गाडीतील कॅमेऱ्यांनी टिपले होते. राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारकडे माफी मागितली आणि त्या पोलिसावर केंद्रीय कायद्याखाली नागरी हक्क हिरावल्याचा खटला भरला गेला. दोन वेळा ज्युरी बसली आणि दोन्ही वेळा तिचे एकमत झाले नाही. अखेर जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याची निर्दोष मुक्तता केली. दोन्ही बाजूंनी तीच चित्रफीत दाखवली होती. सरकारी पक्षाला तीत असहाय म्हातारा दिसत होता आणि बचाव पक्षाला हात सोडवून घेऊ पाहणारा संशयित. या केंद्रीय कायद्याखाली केवळ अवाजवी बळ सिद्ध करून भागत नाही, हक्क जाणूनबुजून तुडवला हे वाजवी शंकेपलीकडे दाखवावे लागते, हे विधी शाखेच्या विद्यार्थिनीने विशेष ध्यानात घ्यावे. निकल्स प्रकरणातही राज्याच्या न्यायालयातील ज्युरीने मे २०२५ मध्ये तीन पोलिसांना सर्व आरोपांतून मुक्त केले.

कॅमेऱ्याच्या जागेचाही परिणाम होतो. एकच प्रसंग अंगावरच्या आणि गाडीतल्या कॅमेऱ्यातून वेगवेगळ्या लोकांना दाखवून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांनी पोलिसाचे कृत्य कमी हेतुपुरस्सर ठरवले, कारण पोलीसच त्यांना जवळजवळ दिसत नव्हता.

मग शॉविनला साडेबावीस वर्षांची शिक्षा कशी झाली? सतरा वर्षांच्या एका मुलीने पदपथावर उभे राहून केलेल्या मोबाइल चित्रणाचा त्यात मोठा वाटा आहे, कारण पोलिसांच्या पहिल्या पत्रकात फ्लॉइड यांचा मृत्यू वैद्यकीय कारणाने झाल्याचे म्हटले होते आणि गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. शिक्षेला तेवढेच कारणीभूत ठरले ते शहराच्या पोलीस प्रमुखांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून, हे आमच्या प्रशिक्षणात आणि नियमात बसत नाही, असे सांगणे. पोलिसाविरुद्ध पोलीस प्रमुख बोलतो, हे तिकडेही क्वचितच घडते. दिवाणी दाव्यांत पोलिसाला भरपाईच्या वैयक्तिक जबाबदारीपासून वाचवणारे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाचे कवच मिळते आणि तडजोडीची रक्कम सहसा शहर भरते. फ्लॉइड यांच्या कुटुंबाला मिळालेले २ कोटी ७० लाख डॉलर मिनियापोलिस शहराने दिले.

प्रश्न : असे चित्रण नागरिकाला किंवा त्याच्या नातेवाइकांना मिळते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राज्यागणिक उत्तर बदलते आणि माझ्या मते सगळा कस येथेच लागतो. शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ रोजी १७ वर्षांच्या एका मुलाला पोलिसाने १६ गोळ्या घातल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलिसांनी लिहून ठेवले होते. गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात तो दूर चालत जाताना दिसत होता. हे चित्रण शहराने तेरा महिने दाबून ठेवले. मधल्या काळात महापौरपदाची निवडणूक होऊन गेली आणि दावा दाखल होण्याआधीच कुटुंबाला ५० लाख डॉलर देण्याचा ठरावही झाला. एका पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली लढून न्यायाधीशाचा आदेश मिळवला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चित्रफीत खुली झाली त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला. पुढे तो दोषीही ठरला. तेरा महिन्यांत नवा पुरावा कोणता मिळाला होता?

शिकागोसारखी टाळाटाळ होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने कायदा केला : गोळीबार किंवा गंभीर इजा झालेल्या घटनेचे चित्रण, तपासाला खरोखर बाधा येत असल्याचे दाखवता आले नाही, तर ४५ दिवसांत खुले करावे लागते, हा नियम जुलै २०१९ पासून लागू आहे. उलट उत्तर कॅरोलायनात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांच्या चित्रणाची प्रत मिळत नाही. पोलिसाने आपला जबाब चित्रण पाहून लिहावा की पाहण्यापूर्वी, यावरही तिकडे जोरदार वाद आहे. चित्रण पाहून जबाब बेतण्याची मुभा पोलिसाला द्यायची आणि नागरिकाला मात्र आठवणीवर सोडायचे, हे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते.

कधी कधी कॅमेरा चुकूनच सुरू राहतो. जानेवारी २०२३ मध्ये सिएटल येथे आंध्र प्रदेशातील २३ वर्षांच्या विद्यार्थिनीला पोलिसांच्या गाडीने उडवले. ताशी २५ मैलांच्या मर्यादेच्या रस्त्यावर ती गाडी ७४ मैल वेगाने धावत होती. चौकशीला आलेला दुसरा पोलीस, जो तेथील पोलीस संघटनेचा पदाधिकारी होता, फोनवर बोलताना हसला आणि तिच्या आयुष्याचे मोल फारसे नव्हते, अशा अर्थाचे बोलला. कॅमेरा सुरू असल्याचे त्याच्या लक्षात नव्हते. ते चित्रण आठ महिन्यांनी लोकांसमोर आले आणि जुलै २०२४ मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. गाडी चालवणाऱ्या पोलिसावर मात्र सरकारी वकिलांनी फौजदारी गुन्हा दाखल केला नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, सर्वसाधारण चित्रण तेथे किमान १८० दिवस जपले जाते. काही अनुचित घडले तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी वकिलामार्फत त्याच आठवड्यात करावी.

प्रश्न : तिकडे पोलिसांचे चित्रण आपण स्वतः मोबाइलवर केले तर चालते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सार्वजनिक जागी, कामात अडथळा न आणता केलेले चित्रण राज्यघटनेच्या, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या दुरुस्तीने संरक्षित आहे, असे तेथील अनेक केंद्रीय अपील न्यायालयांनी मान्य केले आहे. आपल्याला स्वतःलाच अडवले असेल, तर खिशात हात घालून मोबाइल काढण्याच्या फंदात पडू नये. दोन्ही हात दिसतील असे ठेवावेत आणि चित्रण सोबतच्या माणसाने करावे. अटक झालीच, तर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क परदेशी नागरिकाला व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांजवळ मुलाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद गळ्यातल्या पाकिटात असावा, ही सूचना किरकोळ वाटेल, पण मॅडिसनची हकिकत वाचल्यावर ती टाळू नये.

प्रश्न : हे सगळे अमेरिकेचे झाले. महाराष्ट्रात पोलिसाने मारहाण केली, तर चित्रणाचा आधार कसा मिळवायचा?
— एक वकील वाचक, परभणी

उत्तर : आपल्याकडे मारहाणीच्या बहुतेक तक्रारी ठाण्याच्या आतल्या असतात, त्यामुळे अंगावरच्या कॅमेऱ्यापेक्षा भिंतीवरचा कॅमेरा अधिक मोलाचा ठरतो. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाबाहेरचा भाग असे कोणतेही ठिकाण सुटू नये, आवाजही टिपला जावा, रात्रीही दिसावे आणि चित्रण १८ महिने, ते शक्यच नसेल तर निदान एक वर्ष जपावे, असे त्यात स्पष्ट आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकलेली आहे आणि देखरेखीसाठी राज्य व जिल्हा पातळीवर समित्या आहेत. अंमलबजावणीबद्दल फार बोलायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यू आणि बंद कॅमेरे यांची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोठडीत माणूस मरतो आणि नेमका त्याच दिवशी कॅमेरा नादुरुस्त असतो, हे आपण इतके ऐकले आहे की, अशा वेळी संशय पोलिसांविरुद्ध धरावा अशी तरतूदच कायद्यात हवी, असे माझे मत झाले आहे.

ठाण्याबाहेरच्या कारवाईसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ उपयोगी आहे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण, तेही शक्यतो मोबाइलवर, त्याने आवश्यक केले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. कलमाला बळाच्या वापराशी थेट कर्तव्य नसले, तरी घरझडतीत मारहाण झाल्याची तक्रार असेल, तर ते चित्रण न्यायालयात मागता येते. ते केलेच नसेल, तर पंचनाम्यावरच प्रश्नचिन्ह उभे करता येते. पोलीस ठाण्यात नागरिकाने चित्रण केले म्हणून सरकारी गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल करण्याची खोडही आपल्याकडे होती. पोलीस ठाणे त्या कायद्यातील प्रतिबंधित ठिकाण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगून तो गुन्हा रद्द केला.

व्यवहारात आपण अशिलाला असे सांगावे. मारहाण झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा हजर करतील तेव्हाच ती सांगावी आणि नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. त्या वेळी गप्प राहिल्यास पुढे प्रत्येक टप्प्यावर तोच मुद्दा विरोधात वापरला जातो. सरकारी रुग्णालयातल्या तपासणीत इजा कोठे आणि किती जुनी, हे लिहून घ्यावे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोलीस अधीक्षक अथवा आयुक्तांकडे अर्ज द्यावा आणि त्यात दिनांक, वेळ आणि ठाण्यातील जागा देऊन तेवढ्या काळाचे चित्रण जतन करावे, अशी मागणी करावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये. माहिती अधिकारात अर्ज करताना व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद कलम ७(१) मध्ये आहे, तिचा उल्लेख अर्जात करावा. तपासाला बाधा येईल या कारणावर अर्ज फेटाळला गेला, तरी चित्रण अस्तित्वात असल्याची कबुली त्या उत्तरात बहुधा येतेच आणि नंतर ते नाहीसे झाले, तर ती कबुली कामी येते. गंभीर दुखापत किंवा कोठडीतील मृत्यू असेल, तर मानवी हक्क आयोगाकडे जाता येते आणि आयोगाने ते चित्रण तत्काळ मागवून ताब्यात घ्यावे, अशी सोय सैनी निवाड्यातच केलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निवाड्यानुसार स्थापन झालेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही अशा तक्रारी ऐकते.

खटला भरण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत असेल, तेथे नव्या संहितेच्या कलम २१८ ने १२० दिवसांची मुदत घातली आहे. त्या मुदतीत शासनाने निर्णय दिला नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. पूर्वी अशी प्रकरणे मंत्रालयात वर्षानुवर्षे पडून राहत. मुदत मोजण्यासाठी प्रस्ताव शासनाकडे कोणत्या तारखेला पोहोचला, याचा लेखी पुरावा मात्र आपल्याजवळ असायला हवा. आवक क्रमांक आणि शिक्का यांची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.